फसवा पक्षी आणि वायपरची मोटर : ब्रिटनमधील वनकपोतांच्या शिकारीतील घरगुती यंत्रे

शेताच्या मध्यभागी रोवलेला एक लोखंडी खुंट, त्यावर मोडीत निघालेल्या मोटारगाडीच्या वायपरची मोटर, मोटरीला जोडलेल्या दोन लवचीक भुजा आणि प्रत्येक भुजेच्या टोकाशी पंख पसरून बांधलेला एक मृत वनकपोत. खुंटापासून निघालेली तार जमिनीलगत झुडपांच्या कुंपणापर्यंत जाते, आणि तेथे लपणात बसलेल्या बंदूकधाऱ्याच्या पायाशी ठेवलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीस मिळते. कळ दाबली की दोन्ही पक्षी संथ गतीने वर्तुळात फिरू लागतात. दुरून उडत जाणाऱ्या थव्याला त्यातून एवढेच कळते की आपले काही जातभाई या शेतात उतरत आहेत, म्हणजे तेथे अन्न आहे आणि धोका नाही. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ब्रिटनच्या ग्रामीण भागात सर्रास दिसू लागलेल्या या यंत्राचा इतिहास क्षुल्लक वाटण्याजोगा आहे. परंतु शेती, कायदा, पक्ष्यांचे वर्तन आणि घरगुती कारागिरी या चारही गोष्टींचे धागे त्यात गुंतलेले असल्यामुळे तो तपासून पाहणे उपयुक्त ठरते.

प्रथम संज्ञेविषयी. इंग्रजीतील ‘डिकॉय’ या शब्दाला मराठीत रूढ झालेला एकच प्रतिशब्द नाही. ‘आमिष’ म्हणावे तर त्यात खाद्याची कल्पना येते, आणि ‘बुजगावणे’ याचा हेतू तर नेमका उलट असतो. पालि वाङ्मयात मात्र यासाठी ‘दीपक’ असा नेमका शब्द आढळतो. आपल्या सादाने जातभाईंना पारध्याच्या जाळ्याकडे ओढणारा पाळीव तित्तिर तो ‘दीपकतित्तिर’. जातककथांपैकी ‘तित्तिरजातका’त असाच एक तित्तिर आपल्या ओरडण्यामुळे मरणाऱ्या आप्तांच्या पापाचा वाटेकरी आपण होतो की काय, अशी शंका एका तपस्व्यापाशी बोलून दाखवतो; मनाने त्या कृत्यास संमती नसेल तर पाप लागत नाही, असे उत्तर त्याला मिळते. या कथेचा निर्देश येथे केवळ शब्दासाठी केला आहे. तथापि भुलवणाऱ्या जिवंत पक्ष्याची अवस्था ही नैतिक चर्चेचा विषय होऊ शकते, ही जाणीव प्राचीन आहे, एवढे त्यावरून दिसते. पुढे ‘फसवा पक्षी’ ही सुबोध संज्ञा वापरली आहे.

ज्या पक्ष्यासाठी हा सारा खटाटोप, तो वनकपोत (कोलंबा पालुंबस) शहरी पारव्याहून बराच मोठा असतो. त्याचे वजन अर्ध्या किलोच्या आसपास भरते. मानेच्या दोन्ही बाजूंस पांढरा डाग आणि पंखांवर, फक्त उडतानाच ठळक दिसणारा, पांढरा पट्टा ही त्याची ओळख. मुळात तो जंगलातील पक्षी. परंतु अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत ब्रिटिश शेतीत टर्निप आणि क्लोव्हर यांचा फेरपालट रूढ झाल्यावर त्याला हिवाळ्यात खुल्या शेतांत हिरवा चारा मिळू लागला, आणि त्याची संख्या वाढली. तेव्हापासून शेतकऱ्याच्या दृष्टीने तो उपद्रवी ठरला. दुसऱ्या महायुद्धात अन्नधान्याचा प्रत्येक पोता मोलाचा झाल्यावर तर त्याच्याविरुद्ध मोहीमच उघडण्यात आली. युद्धानंतरही सरकारने संघटित शिकारीसाठी काडतुसे निम्म्या किमतीत पुरविण्याची योजना चालू ठेवली. बंदूकधारी आपली हौस भागवीत होता आणि त्याच वेळी राष्ट्राच्या शेतीची सेवाही करीत होता, निदान तसे मानले जात होते. ही दुहेरी भूमिका पुढील साऱ्या इतिहासाच्या मुळाशी आहे.

कबुतरांना भुलविण्याची कला अर्थातच बंदुकीहून जुनी आहे. तिचे सर्वांत कुप्रसिद्ध उदाहरण ब्रिटनमधील नसून उत्तर अमेरिकेतील आहे. तेथील प्रवासी कपोत (पॅसेंजर पिजन) पकडणारे धंदेवाईक जाळेवाले एक जिवंत कबुतर घेऊन त्याच्या पापण्या शिवून टाकीत. त्याला एका लहान टेकूवर बांधीत, आणि दोरी ओढून तो टेकू उचलून एकदम खाली सोडीत. तोल सावरण्यासाठी तो आंधळा पक्षी पंख फडफडवी आणि वरून जाणाऱ्या थव्याला वाटे की कोणी तरी चरण्यास उतरत आहे. इंग्रजीत पोलिसांच्या खबऱ्याला ‘स्टूल पिजन’ म्हणतात, त्या शब्दप्रयोगाचा संबंध सामान्यतः या टेकूशी जोडला जातो. १८७८ मध्ये मिशिगन राज्यातील पेटॉस्की येथे झालेला संहार ही या धंद्याची परिसीमा होय. त्या जातीचा अखेरचा ज्ञात पक्षी १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मेला. फ्रान्सच्या नैर्ऋत्य भागातही वनकपोतांच्या शरद ऋतूतील स्थलांतराच्या वेळी झाडांवर लपणे बांधून, फांद्यांवर बसविलेली पाळीव कबुतरे दोऱ्यांनी हलवून थवे उतरविण्याची परंपरा आहे. ती आजही जिवंत आहे.

या दोन्ही उदाहरणांत एक गोष्ट समान आहे. थव्याला आकर्षित करते ती हालचाल. नुसता आकार तेवढा परिणाम करीत नाही. दोरी ओढणाऱ्या पारध्याला हे अनुभवाने ठाऊक होते. प्रश्न असा निर्माण झाला की जिवंत पक्षी काढून घेतल्यावर ही हालचाल आणायची कोठून?

तो काढून घेण्याचे काम कायद्याने केले. अमेरिकेत पाणपक्ष्यांच्या शिकारीसाठी जिवंत फसव्या पक्ष्यांचा वापर १९३५ मध्ये बंद झाला. ब्रिटनमध्ये १९५४ च्या पक्षिसंरक्षण कायद्याने व पुढे १९८१ च्या वन्यजीव व ग्रामीण परिसर कायद्याने बांधलेला, आंधळा वा जायबंदी केलेला जिवंत पक्षी भुलविण्यासाठी वापरणे निषिद्ध ठरविले. १९८१ च्या कायद्याचे पाचवे कलम या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. त्यात जिवंत पक्ष्याबरोबरच ध्वनिमुद्रित आवाजाचाही निषेध आहे. म्हणजे ओरडणाऱ्या पक्ष्याची जागा यंत्राने घेऊ नये, याची काळजी कायदेकर्त्यांनी घेतली. फडफडणाऱ्या पक्ष्याची जागा यंत्र घेईल, ही शक्यता मात्र त्यांना सुचलेली दिसत नाही. निदान कलमात तिचा उल्लेख नाही. वनकपोताला तसाही आवाजाने फारसा फसविता येत नाही. तो थव्याने चरतो आणि चरताना जवळजवळ मूक असतो. त्यामुळे कायद्याने ध्वनीचे दार लावून घेतले तरी या एका पक्ष्यापुरते त्याने काहीच अडले नाही, आणि गतीचे दार उघडेच राहिले.

कायदा व मोटर यांच्या मधल्या काळात मृत पक्षी आणि वारा यांवर काम भागत असे. मेजर आर्ची कोट्स हे या काळातील सर्वांत नामांकित नाव. कबुतरांची शिकार हाच त्यांचा व्यवसाय होता. १९६२ मध्ये एका दिवसात त्यांनी एकट्याच्या बंदुकीने ५५० वनकपोत पाडले, आणि १९६३ मध्ये ‘पिजन शूटिंग’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या पद्धतीत यंत्राला स्थान जवळजवळ नव्हते. भर होता तो निरीक्षणावर. पक्षी कोणत्या शेतात चरतात, तेथे येण्याचा त्यांचा मार्ग कोणता, वारा कोणत्या दिशेचा, लपण कोठे असावे हे आधी पाहायचे. त्यानंतर मृत पक्षी जमिनीवर वाऱ्याकडे तोंड करून, मध्ये उतरण्यास मोकळी जागा राहील अशा बेताने मांडावयाचे. मृत पक्षी लवचीक काठीच्या टोकाला पंख उघडे ठेवून लावला की वाऱ्याच्या झोताने तो खालीवर झुले, आणि उतरणाऱ्या पक्ष्याचा भास होई. साधन अगदी साधे, पण त्याला एक मोठी मर्यादा होती. वारा नसलेल्या दिवशी काठी निश्चल राही, आणि अशा दिवशी साऱ्या मांडणीत जीव नसे.

वायपरची मोटर या रिकाम्या जागेत आली. हीच मोटर का, याचे उत्तर तिच्या रचनेत आहे. सामान्य विद्युत मोटर मिनिटाला हजारो फेरे घेते आणि तिची पीळशक्ती अल्प असते; भुजेला मृत पक्षी लावून ती फिरविली तर एक तर ती अडेल, नाही तर पक्षी भिरकावला जाईल. वायपरच्या मोटरीत मळसूत्री दंतचक्राने वेग आधीच उतरविलेला असतो. तिच्या दांड्याचा एक फेरा म्हणजे काचेवरील पुसणीचा एक हेलकावा, आणि असे हेलकावे मिनिटाला साधारणपणे ४० ते ६५. ओल्या काचेवर दाबून धरलेली रबरी पट्टी ओढण्यासाठी बनविलेली असल्याने तिच्यात भरपूर जोर असतो. ती मोटारीच्याच १२ व्होल्ट विजेवर चालते, पावसापाण्यात टिकते, आणि भंगारात नाममात्र किमतीस मिळते. शेतावरील अवजारे स्वतःच दुरुस्त करणाऱ्या माणसाला आणखी काय हवे असते?

तरीही ती जशीच्या तशी उपयोगी पडत नसे. तिच्यात एक स्वयंचलित खटका असतो. चालकाने कळ बंद केली तरी पुसणी काचेच्या तळाशी पोचेपर्यंत हा खटका वीज चालू ठेवतो. यंत्र बांधणाऱ्याला तो वगळून तारा जोडाव्या लागत. कोणती तार संथ गतीची व कोणती जलद गतीची, हेही बॅटरी लावून शोधावे लागे. त्यानंतरचा प्रश्न गतीचा. भुजेची लांबी पाऊण मीटर आणि मिनिटाला ४० फेरे धरले तर टोकाचा पक्षी सेकंदाला सुमारे ३ मीटर वेगाने फिरतो आणि त्याच्यावरील बहिर्गामी ताण त्याच्या स्वतःच्या वजनापेक्षाही थोडा अधिक होतो. याचे दोन परिणाम होत. पक्षी भुजेला पक्का बांधलेला नसेल तर तो निसटून जाई. आणि दोन्ही टोकांचे वजन सारखे नसेल, किंवा एक पक्षी गळून पडला असेल, तर सारा खुंट मऊ मातीत डुलू लागे. वेग कमी करावा म्हणून कोणी वाटेत रोधक घाली, पण त्यामुळे वाऱ्याच्या झोतासमोर मोटर अडखळे. पुढे विजेचा प्रवाह तुकड्यातुकड्यांनी सोडून वेग आवरणारी छोटी इलेक्ट्रॉनिक मंडले स्वस्त झाली, तेव्हा ही अडचण दूर झाली. भुजा ताठ लोखंडी असू नयेत, लवचीक असाव्यात, दोन्ही एकाच उंचीवर नसाव्यात, म्हणजे पक्षी खरोखर उतरत असल्यासारखे वरखाली होतात, हे ज्ञान कोणत्याही पुस्तकातून आलेले नाही. चुकत माकत, शेतात उभे राहून, पक्ष्यांची प्रतिक्रिया पाहत ते मिळविलेले आहे. कारखान्यात बनविलेली यंत्रे बाजारात आली, त्यांत घरगुती नमुन्याचीच तत्त्वे वापरलेली दिसतात.

तंत्रज्ञानाच्या इतिहासात अशा वस्तूंची नोंद फारशी होत नाही. त्यांच्या कर्त्याची मुद्रा त्यांवर नसते आणि संग्रहालयाला त्यांत सौंदर्य दिसत नाही. एक मोटर जळली की खुंट गंजत पडतो व भुजा दुसऱ्या कामी लागतात. अमेरिकेतील लाकडी फसव्या बदकांची स्थिती याच्या अगदी उलट आहे. ती आज लोककलेचे नमुने म्हणून जपली जातात आणि लिलावात मोठ्या किमतींना विकली जातात. दोन्ही वस्तूंचे प्रयोजन एकच. पण एकीत कोरीवकामाचा हात दिसतो, दुसरीत वेल्डिंगचा सांधा. इतिहासकाराने ही निवड संग्राहकाच्या रुचीवर सोडून देणे योग्य नव्हे.

फिरणाऱ्या यंत्राच्या यशाचे कारण मात्र वाटते तितके सरळ नाही. ब्रिटिश कृषिखात्यातील संशोधक आर. के. मर्टन व त्यांचे सहकारी यांना असे आढळले होते की पंख पसरून पांढरे पट्टे उघडे ठेवलेला मृत वनकपोत जमिनीवर मांडला तर इतर पक्षी तेथे उतरण्याचे टाळतात. आय. आर. इंग्लिस आणि ए. जे. आयझॅकसन यांनी १९८४ मध्ये ‘बिहेव्हियर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या निबंधात निरनिराळ्या ठेवणींतील फसव्या पक्ष्यांना मिळणारा प्रतिसाद तपासला. त्यांचा हेतू पक्षी बोलावणे हा नव्हता. त्यांना पक्षी हाकलायचे होते, आणि त्यासाठी नैसर्गिकाहूनही प्रखर असा भयसंकेत शोधायचा होता. हा पांढरा पट्टा दचकून उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखावर एकदम झळकतो, म्हणून तो भयाची खूण ठरतो. मग तोच पट्टा यंत्रावर गरगर फिरत असताना थवे जवळ का येतात? उतरताना पक्षी पंख पसरतो तेव्हाही हा पट्टा दिसतो. तेव्हा खुणेचा अर्थ एकट्या खुणेत नसून तिच्या गतीत आणि सभोवतालच्या चित्रात असला पाहिजे. स्थिर, पसरलेले पंख काहीतरी विपरीत घडल्याचे सांगतात. जमिनीवर शांत चरणाऱ्या पक्ष्यांच्या वर संथपणे घिरट्या घेणारे पंख अन्नाची वार्ता देतात. यंत्र वाजवीपेक्षा जोरात फिरविले की थवा शेवटच्या क्षणी वळून जातो, असा शिकाऱ्यांचा अनुभव या विवेचनाशी जुळतो. ज्या खुंटावर बसविलेले यंत्र आमंत्रण ठरते, तेच वेग वाढताच बुजगावणे ठरते.

याहून कठीण प्रश्न असा, की या सर्व चातुर्याने शेतीचे नेमके काय साधले? मर्टन यांनी १९५८ पासून केंब्रिजशायरमधील कार्लटन येथे वनकपोतांचा दीर्घ अभ्यास केला आणि १९६५ मध्ये ‘द वुड-पिजन’ हा ग्रंथ लिहिला. त्यांचा निष्कर्ष शासकीय धोरणाला गैरसोयीचा होता. हिवाळ्याच्या अखेरीस किती पक्षी उरतात, हे मुख्यतः क्लोव्हरच्या शेतांत किती चारा उपलब्ध आहे त्यावर अवलंबून असते. चारा पुरणार नसेल तर जादा पक्षी उपासमारीने मरतात किंवा निघून जातात. बंदुकीने मारलेले पक्षी बहुतांशी याच जादा संख्येतील असतात. ते मेल्याने उरलेल्यांना अधिक चारा मिळतो, आणि वसंतातील संख्या जवळजवळ तीच राहते. सरकार निम्म्या किमतीत काडतुसे देऊन जे साधू पाहत होते, ते निसर्ग फुकट करीत होता. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ही सवलत काढून घेण्यात आली.

या निष्कर्षाचा अर्थ शिकार सर्वथा निरुपयोगी असा मात्र घेता येत नाही. देशभरची संख्या कमी करणे आणि एका विशिष्ट शेतातील उभे पीक त्या आठवड्यात वाचविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि दुसरीसाठी फसव्या पक्ष्यांच्या साहाय्याने केलेली शिकार उपयोगी पडू शकते. परंतु येथेच एक विसंगती डोकावते. पीक वाचवायचे तर पक्षी शेतात येताच कामा नयेत. उलट फसवा पक्षी आणि त्याचे यंत्र यांचा सारा उद्देश त्यांना शेतात आणणे हा आहे. यंत्र जितके सरस, तितके ते बुजगावण्यापासून दूर. शेतकरी आणि शिकारी यांचे हितसंबंध एक आहेत, हे महायुद्धकाळापासून चालत आलेले गृहीतक या ठिकाणी विरते. दरम्यान खुद्द शेतीच बदलली. १९७० नंतर ब्रिटनमध्ये मोहरीच्या कुळातील रेप या तेलबियांच्या पिकाचा विस्तार झाला. शरद ऋतूत पेरलेले हे पीक ऐन हिवाळ्यात हिरवेगार उभे असते. क्लोव्हरच्या तुटवड्याने पूर्वी जे पक्षी मरत, ते आता रेपवर जगू लागले. इंग्लिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये हा फरक आकडेवारीने दाखवून दिला. ब्रिटनमधील प्रजननक्षम वनकपोतांच्या जोड्यांची संख्या अलीकडील गणनांत ५० लाखांच्या घरात आहे. घरगुती यंत्रांचा सुवर्णकाळ आणि पक्ष्यांच्या वाढीचा काळ एकच असावा, यात योगायोग नाही. थवे मोठे होते आणि तक्रारी खऱ्या होत्या, म्हणून यंत्रे बांधण्यास कारण होते. यंत्रांनी त्या वाढीला आळा घातल्याची साक्ष मात्र हे आकडे देत नाहीत.

अमेरिकेत याच सुमारास निराळ्या पक्ष्याबाबत निराळा वाद उभा राहिला. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅलिफोर्नियात बदकांसाठी फिरत्या पंखांची यंत्रे निघाली. यांत पक्षी जागीच असतो, पण एका बाजूने गडद व दुसऱ्या बाजूने पांढरे असे त्याचे सपाट पंख आसाभोवती वेगाने फिरून लुकलुकतात. मिनेसोटात झालेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की यंत्र चालू असताना मॅलार्ड बदकांचे थवे माऱ्याच्या टप्प्यात येण्याची शक्यता सुमारे तिप्पट होते, आणि दर ताशी पडणारे पक्षी चौपटीहून अधिक होतात. काही राज्यांनी या यंत्रांवर बंदी घातली. त्यांपैकी काहींनी ती पुढे उठविली. बदक हा अमेरिकन शिकाऱ्याच्या लेखी जपून वापरावयाचा ठेवा आहे. म्हणून त्याला फार सहजपणे मारणारे साधन आक्षेपार्ह ठरले. वनकपोत हा उपद्रवी प्राणी. म्हणून त्याच्याबाबत तोच आक्षेप कोणाला सुचला नाही.

ब्रिटनमध्ये या वर्गीकरणालाच आव्हान मिळाले ते बऱ्याच उशिरा. १९९० च्या दशकाच्या आरंभापासून वनकपोत मारण्याची मुभा शासनाने काढलेल्या सर्वसाधारण परवान्यांवर अवलंबून होती. शिकाऱ्याला त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागत नसे. मात्र पिकाचे गंभीर नुकसान टाळणे यांसारखा ठरावीक हेतू असणे आवश्यक होते. ‘वाइल्ड जस्टिस’ या संस्थेने कायदेशीर हरकत घेतल्यावर ‘नॅचरल इंग्लंड’ने एप्रिल २०१९ मध्ये असे तीन परवाने रद्द केले. वसंतातील पेरण्या उगवत असतानाच हे घडल्याने शेतकरी वर्गात मोठी खळबळ उडाली, आणि काही आठवड्यांतच नव्या अटींसह नवे परवाने काढावे लागले. त्या अटींचा रोख हेतूवर होता : नुकसान होत आहे काय, आणि ते टाळण्याचे अन्य उपाय करून पाहिले काय. खुंटावर फिरणाऱ्या मोटरीविषयी त्या वादात कोणीच काही विचारले नाही.